निकालपत्र वाचताना एकच विचारा: हे वाक्य कोणाचं?

काही वर्षांपूर्वी मी एका साप्ताहिकात उच्च न्यायालयाच्या एका निकालावर लेख लिहिला. ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचं प्रकरण होतं. निकालपत्रातलं एक दणदणीत वाक्य उचललं आणि त्याआधी लिहिलं, 'न्यायालय म्हणतं…'. अंक हातात पडला त्याच दिवशी तालुक्याच्या बाररूममधून एका ज्येष्ठ वकीलसाहेबांचा फोन आला. "लेख चांगला झालाय हो. फक्त ते वाक्य कोर्टाचं नाहीये. हरलेल्या बाजूच्या वकिलाचं आहे. कोर्टाने पुढच्याच पानावर ते फेटाळलंय."

पुढच्याच पानावर! आणि मी ते पान वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून निकालपत्र वाचताना समासात पेन्सिलने खुणा करायची सवय लागली. ती पद्धत इथे सांगतो. कायद्याची पदवी लागत नाही. बऱ्यापैकी इंग्रजी, एक पेन्सिल आणि दोन संध्याकाळी पुरतात. उदाहरण म्हणून मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घेऊ: जयश्री लक्ष्मणराव पाटील विरुद्ध मुख्यमंत्री, महाराष्ट्र. या निकालाबद्दल मत नसलेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. तो वाचलेला माणूस मात्र मुद्दाम शोधावा लागेल.

आधी कागद मिळवा

बातमीतून तीन गोष्टी टिपून घ्या: पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि न्यायमूर्तींची नावं. एवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकालपत्र सापडतं. तिथलीच ई-एससीआर ही निकालांच्या डिजिटल संग्रहाची सेवा २०२३ पासून सर्वांना फुकट आहे. 'इंडियन कानून' या खासगी संकेतस्थळावरही शोधता येतं आणि शोधायला ते जास्त सोपं आहे, पण उद्धृत करण्याआधी मजकूर न्यायालयाच्या मूळ पीडीएफशी ताडून पाहा. मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात. तालुका किंवा जिल्हा न्यायालयातलं प्रकरण असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक टाकायचा, की तारखा आणि आदेश समोर येतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांची मराठी भाषांतरंही असतात. समजून घ्यायला ती जरूर वाचा. पण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे तिथल्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे, आणि भाषांतराच्या तळाशीही इंग्रजी प्रतच अधिकृत असल्याचं छापलेलं असतं. शब्दावरून वाद झाला तर इंग्रजी प्रत उघडायची.

पहिल्या पानावर पाच मिनिटं थांबा

सर्वोच्च न्यायालयाच्या पीडीएफच्या पहिल्या पानावर डाव्या बाजूला बऱ्याचदा 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड' असं दिसतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यावरून 'निकाल बनावट आहे' असा निष्कर्ष काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. तुमच्या संगणकाने डिजिटल सही तपासलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रतीवर पानाच्या तळाशी अपलोड आणि डाउनलोडच्या तारखा छापून येतात. डाउनलोडची तारीख म्हणजे तुम्ही फाइल उतरवली तो दिवस. तीच निकालाची तारीख समजून लिहिलेले लेखही मी वाचले आहेत.

मग पीठ किती जणांचं आहे ते मोजा. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५(३) प्रमाणे किमान पाच न्यायमूर्ती लागतात. तेच घटनापीठ. पाच जणांचा निकाल तिघांवर बंधनकारक, नऊ जणांचा पाचांवर. मराठा आरक्षणाच्या खटल्यातली निम्मी लढाई या आकड्यांचीच होती. ५० टक्क्यांची मर्यादा १९९२च्या इंद्रा साहनी प्रकरणातून येते आणि ते पीठ नऊ जणांचं होतं. पाच न्यायमूर्ती ती मर्यादा मोडू शकत नव्हते. फार तर 'हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवा' एवढंच ते म्हणू शकले असते. राज्याची मागणीही तीच होती. 'कोर्टाने मर्यादा उठवायला नकार दिला' असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी पीठांचा हा जिना पाहिलाच नाही.

मराठीत इथे एक गोंधळ आपण स्वतःच करून ठेवला आहे. दोन न्यायमूर्तींच्या पीठाला आपण 'खंडपीठ' म्हणतो, आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा इथल्या उच्च न्यायालयाच्या शाखांनाही 'खंडपीठ'च म्हणतो. त्यामुळे 'औरंगाबाद खंडपीठाचा निकाल' एकाच न्यायमूर्तींचा असू शकतो, आणि दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ मुंबईत बसलेलं असू शकतं. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून बसतं ते सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, ती तिसरीच गोष्ट. लिहिताना 'दोन न्यायमूर्तींचं पीठ, नागपूर' असं सरळ लिहा.

मग थेट शेवटच्या पानावर जा

रहस्यकथा अशी वाचू नये, निकालपत्र मात्र असंच वाचावं. न्यायालयाने प्रत्यक्ष काय करायला सांगितलं, तो आदेशाचा भाग बहुतेकदा शेवटी असतो. तो कळला की मागचं वाचताना 'हे सगळं कुठे चाललंय' याचा ताण राहत नाही.

इथे शब्दांना नेमका अर्थ असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात एकटाच 'रूल' असा शब्द दिसला, तर याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतली, एवढंच समजायचं. कोणी जिंकलेलं नसतं. 'रूल मेड ॲब्सोल्यूट' म्हणजे याचिका मंजूर. 'रूल डिस्चार्ज्ड' म्हणजे फेटाळली. 'रूल मेड ॲब्सोल्यूट इन टर्म्स ऑफ प्रेयर क्लॉज ए' असं असेल, तर मूळ याचिकेतली ती मागणी पाहिल्याशिवाय काय मिळालं ते कळणारच नाही. सर्वोच्च न्यायालयाचं 'लीव्ह ग्रांटेड' म्हणजे अपिलाची परवानगी मिळाली. पुष्कळदा त्याच निकालात पुढे ते अपील फेटाळलेलंही असतं.

'डिस्पोज्ड ऑफ' म्हणजे निकाली. यात हार-जीत सांगितलेलीच नसते. 'सेट असाइड अँड रिमांडेड' म्हणजे खालचा आदेश रद्द करून प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवलं. यावरून 'अमुक यांना दिलासा' असा मथळा येतो आणि तीन महिन्यांनी तोच आदेश पुन्हा निघतो. अशी परवानगी मागणारी अनुमती याचिका एका ओळीत, कारणं न देता फेटाळली, तर सर्वोच्च न्यायालयाने खालच्या निकालावर शिक्कामोर्तब केलं असं होत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या २००० सालच्या निकालात हे स्पष्ट केलेलं आहे, तरी 'सुप्रीम कोर्टाचीही मोहोर' हा मथळा काही मरत नाही.

आदेश अंतरिम आहे की अंतिम, हेही इथेच कळतं. ९ सप्टेंबर २०२०ला तीन न्यायमूर्तींनी मराठा आरक्षणाच्या कायद्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. गावागावात 'आरक्षण रद्द झालं' अशीच बातमी पोचली. रद्द ते झालं आठ महिन्यांनी.

आणि रद्द झालं तेव्हाही शेवटची पानं न वाचणाऱ्यांनी एक गोष्ट सोडली. उच्च न्यायालयाचा निकाल २७ जून २०१९चा. तेव्हापासून ९ सप्टेंबर २०२०च्या स्थगितीपर्यंत झालेले प्रवेश आणि नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने अबाधित ठेवल्या. ज्यांच्या घरात त्या काळात प्रवेश मिळालेली मुलं होती, त्यांच्यासाठी साडेपाचशेहून अधिक पानांच्या निकालपत्रातल्या त्याच ओळी सगळ्यात महत्त्वाच्या.

आता पेन्सिल

हे खरं काम. याला वेळ द्या.

निकालपत्रात किमान पाच आवाज असतात. वाद नेमका काय हे सांगणारा न्यायमूर्तींचा तटस्थ आवाज, याचिकाकर्त्याचा वकील, समोरच्या बाजूचा वकील, जुन्या निकालांमधले उतारे आणि शेवटी न्यायालयाचं स्वतःचं मत. हे सगळे एकाच टायपात, एकाच भारदस्त इंग्रजीत येतात. एखाद्या बाजूचं म्हणणं तीस परिच्छेद चालतं. आठव्या परिच्छेदानंतर आपण विसरतो की हा वकील बोलतोय. माझं नेमकं तेच झालं होतं.

मी समासात अक्षरं लिहितो. याचिकाकर्त्याला 'या', सामनेवाल्याला 'सा', जुन्या निकालाला 'जु', आणि न्यायालय स्वतः बोलतंय तिथे 'न्या'. ओळखायच्या खुणाही ठरलेल्या. 'लर्न्ड काउन्सेल सबमिट्स', 'इट इज कन्टेन्डेड', 'इट वॉज अर्ज्ड' हे शब्द आले की वकील सुरू. 'वुई आर ऑफ द कन्सिडर्ड व्ह्यू', 'वुई होल्ड', 'वुई फाइंड नो सब्स्टन्स' आले की न्यायालय सुरू. 'परयूज्ड द रेकॉर्ड' आणि 'हॅविंग हर्ड' ही बहुतेकदा दोघांमधली वेस. उतारे आत सरकवून छापतात, म्हणून समास बदलला की 'जु' लिहा. कधी कधी उताऱ्याच्या आत आणखी जुना उतारा असतो. तिथे मी दोनदा 'जु' लिहितो आणि चहा घेतो.

एक सापळा सांभाळा. न्यायमूर्ती एखादा युक्तिवाद फेटाळण्यासाठी आधी तो स्वतःच्या शब्दांत नीट मांडतात. 'इट मे बी सेड दॅट…' किंवा 'ॲट फर्स्ट ब्लश' अशी सुरुवात असली की पुढे 'हाउएव्हर' येईपर्यंत काहीही अधोरेखित करू नका. तो 'हाउएव्हर' दोन परिच्छेदांनीही येऊ शकतो.

सगळ्या खुणा झाल्या की फक्त 'न्या' लिहिलेले परिच्छेद पुन्हा वाचा. शंभर पानांचा निकाल तीस पानांवर येतो.

प्रश्न कोणते, आणि कोणावर किती मतं

घटनापीठाचे निकाल बहुधा प्रश्नांच्या चौकटीत बांधलेले असतात. मराठा आरक्षणाच्या खटल्यात सहा प्रश्न होते. पहिले तीन ५० टक्क्यांभोवतीचे: इंद्रा साहनीचा फेरविचार हवा का, महाराष्ट्राचा कायदा अपवादात्मक परिस्थितीत बसतो का, राज्य मागासवर्ग आयोगाच्या, म्हणजे गायकवाड आयोगाच्या अहवालाने तशी परिस्थिती सिद्ध होते का. उरलेले तीन १०२व्या घटनादुरुस्तीबद्दलचे. त्या २०१८च्या दुरुस्तीने मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला का, हा त्यांचा गाभा.

एका कोऱ्या कागदावर आडव्या ओळीत प्रश्न आणि उभ्या ओळीत न्यायमूर्ती अशी जाळी आखा: अशोक भूषण, एल. नागेश्वर राव, एस. अब्दुल नझीर, हेमंत गुप्ता, एस. रवींद्र भट. मग चौकटी भरत जा. पहिल्या तीन प्रश्नांवर पाचही जण एकत्र: फेरविचाराची गरज नाही, अपवादात्मक परिस्थिती नाही, कायदा टिकत नाही. दुरुस्ती घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावत नाही, यावरही पाचही जण एकत्र. पण राज्यांचा अधिकार गेला का, यावर ३ विरुद्ध २. भट, राव आणि गुप्ता म्हणाले, गेला. भूषण आणि नझीर म्हणाले, नाही.

आता गंमत बघा. फाइल उघडली की पहिलं, लांबलचक निकालपत्र येतं ते न्या. भूषण यांचं, स्वतःसाठी आणि न्या. नझीर यांच्यासाठी लिहिलेलं. ते इमानाने शेवटपर्यंत वाचून थांबलात, तर ५० टक्क्यांवर तुम्ही बहुमत वाचलंत आणि राज्यांच्या अधिकारावर अल्पमत. एकाच निकालपत्रात, एकाच लेखणीतून. राज्यांच्या अधिकारावरचा त्या दिवशीचा कायदा पुढे न्या. भट यांच्या निकालपत्रात होता, आणि राव व गुप्ता यांनी आपापल्या छोट्या निकालपत्रांत त्याला दिलेल्या संमतीने तो कायदा झाला. जाळी भरल्याशिवाय हे हाती लागत नाही.

सरन्यायाधीशांचं मतही एकच मोजायचं. आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्के आरक्षणाच्या निकालात, ७ नोव्हेंबर २०२२ला, सरन्यायाधीश उदय लळित अल्पमतात होते.

बांधील काय, बोलता बोलता काय

निर्णय ज्या तर्कावर उभा आहे तो काढून घेतला तर निर्णय कोसळतो. तो तर्क पुढच्या खटल्यांना बांधतो. बाकीची टिप्पणी वजनदार असली तरी बांधत नाही. वकील याला 'रेशो' आणि 'ऑबिटर' म्हणतात. ओळखायची माझी युक्ती साधी: त्या परिच्छेदावर हात ठेवा आणि विचारा, हा नसता तर शेवटचा आदेश बदलला असता का?

निष्कर्ष आणि दिलासा याही दोन वेगळ्या गोष्टी. शिवसेनेच्या फुटीवरचा सुभाष देसाई प्रकरणातला ११ मे २०२३चा निकाल घ्या. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, आणि विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती, असं पाचही न्यायमूर्ती म्हणाले. तरी सरकार पडलं नाही. उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच, २९ जून २०२२ला, राजीनामा दिला होता. त्यामुळे आधीची स्थिती परत आणता येत नाही, असंही त्याच निकालात आहे. अपात्रतेचा निर्णय वाजवी मुदतीत घ्या, असं अध्यक्षांना सांगितलं गेलं. त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पेढे वाटले तर नवल नव्हतं. एकाने निष्कर्ष वाचला, दुसऱ्याने आदेश.

सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी जे बोलतात, ते तर यातल्या कशातच नाही. 'कोर्टाने सरकारला झापलं', 'खडे बोल सुनावले', 'चपराक' हे शब्द बहुतेकदा तोंडी शेऱ्यांवरून येतात आणि लेखी आदेशात त्यांचा मागमूस नसतो. करोनाकाळातल्या प्रचारसभांवरून मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगावर खुनाच्या गुन्ह्याची भाषा वापरली होती. आयोग ती काढून टाकण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२१मध्ये उत्तर मिळालं: ते शब्द आदेशात नाहीतच, तर काढायचे कुठून? माध्यमांना तोंडी शेऱ्यांच्या बातम्या द्यायची मुभा मात्र याच निकालाने मान्य केली. म्हणून लिहा जरूर, पण 'सुनावणीदरम्यान म्हटलं' असं लिहा.

निकाल जुना झालाय का, ते पाहा

२०२१च्या निकालावर राज्यांच्या अधिकाराबाबत आज विसंबलात तर फसाल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने १०५वी घटनादुरुस्ती केली आणि आपापली यादी करण्याचा राज्यांचा अधिकार मोकळा केला. ३ विरुद्ध २ मधले दोन न्यायमूर्ती जे म्हणत होते, तेच संसदेने लिहून दिलं. ५० टक्क्यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. २० फेब्रुवारी २०२४ला विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा केला आणि त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान मिळालं.

म्हणून वाचन संपलं की तीन ठिकाणी शोध घ्या. त्याच न्यायालयाकडे फेरविचार मागणारी पुनर्विलोकन याचिका झाली का? मोठ्या पीठाने वेगळं काही सांगितलं का? कायदाच बदलला का? राज्याचा कायदा राजपत्रात बघायचा. शासन निर्णय म्हणजे जीआर, तो कायदा नव्हे. जीआर कायद्याविरुद्ध जाऊ शकत नाही, हे कार्यालयातल्या टेबलापलीकडच्या माणसाला सांगायची वेळ तुमच्यावर केव्हा तरी येईलच. फौजदारी निकाल असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे ध्यानात ठेवा.

त्यावर लिहिणार असाल तर

पानाचा नव्हे, परिच्छेदाचा क्रमांक द्या. पानं प्रतीगणिक बदलतात. न्यायालयाचा अवमान होईल म्हणून घाबरून गुळमुळीत लिहायचं कारण नाही. १९७१च्या अवमान कायद्याचं कलम ५ निकालाच्या गुणदोषांवरच्या वाजवी टीकेला संरक्षण देतं. निकाल चुकला, तर्क लंगडा आहे, असं कारणांसह खुशाल म्हणा. न्यायमूर्तींनी पैसे खाल्ले असं पुराव्याविना म्हणाल, तर ती टीका निकालावरची राहिली नाही.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील देऊ नका. न्याय संहितेचं कलम ७२ आणि बालकांबाबत पॉक्सोचं कलम २३ त्यासाठीच आहे. गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय एवढ्यावरूनही लहान गावात ओळख पटते. जुन्या निकालपत्रात नाव छापलेलं असलं तरी तुम्ही छापू नका.

मुंबई उच्च न्यायालयात 'स्पीकिंग टू द मिनिट्स' नावाचा प्रकार आहे. आदेशात तारीख, नाव, आकडा चुकला तर वकील तो दुरुस्त करून घेतात आणि दुरुस्त प्रत नव्याने चढते. मोठं काही लिहिणार असाल तर आठवड्याने पुन्हा एकदा फाइल उतरवून घ्या.

सुरुवात मात्र घटनापीठापासून करू नका. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या प्रकरणाचा, ज्यातली जागा आणि माणसं तुम्हाला ठाऊक आहेत असा, आठ-दहा पानांचा आदेश घ्या. ग्रामपंचायतीचा, शिक्षकाच्या बडतर्फीचा, भूसंपादनाच्या मोबदल्याचा. समासात 'या', 'सा', 'जु', 'न्या' लिहून काढा आणि मग त्याच निकालाची त्या वेळची बातमी शेजारी ठेवून वाचा.